दुर्बिणीच्या आरशाचा साचा हिऱ्याच्या टूलने कसा टर्न करायचा: नाशिकच्या नव्या टर्नरांसाठी

आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या टूलरूममध्ये दोन-तीन वर्षं काढलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. डायल लावता येतो, रनआउट काढता येतो, मायक्रोमीटरवर हात बसला आहे, आता पुढे काय शिकायचं, असं विचारणाऱ्यांसाठी.

नाशिकला मायक्रॉन नवा नाही. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेल इंजेक्शनचे भाग करणाऱ्या माणसांनी दोन-चार मायक्रॉनच्या फटी सांभाळत आयुष्यं काढली. ओझरला एचएएलमध्ये लढाऊ विमानं जुळली. पण दुर्बिणीच्या आरशाचा साचा मायक्रॉनवर थांबत नाही. तिथे आकाराची चूक मायक्रॉनच्या दहाव्या भागात मोजतात आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागात. एवढं बारीक काम हिऱ्याचं टूल करतं हे खरं, पण काम बिघडतं ते बहुतेक वेळा टूल लागायच्या आधी: धातू नीट शांत केलेला नसतो, प्लेटिंग चुकीचं असतं, पकड आवळलेली असते, नाहीतर खोलीचं तापमान हललेलं असतं. म्हणून या लेखात हिरा उशिरा येईल.

साचा लागतो कशाला

जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे. तिचा आरसा काचेचा. असा आरसा एकदाच घासून, पॉलिश करून तयार होतो, त्याला साचा लागत नाही. साचा लागतो तो मुख्यतः क्ष-किरणांच्या दुर्बिणींना.

क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर परत फिरत नाहीत, आत शिरून शोषले जातात. गंगापूर धरणाच्या काठावर उभं राहून चपटा दगड जवळजवळ आडवा फेकला की तो भाकऱ्या काढत जातो, सरळ वरून टाकला तर बुडतो. क्ष-किरणांचंही तसंच आहे. एक अंशाहूनही कमी कोनात घसटून गेले तरच ते वळतात. म्हणून हा आरसा ताटलीसारखा नसतो, दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीसारखा असतो आणि परावर्तन तिच्या आतल्या भिंतीवरून होतं. पुढचा अर्धा भाग पॅराबोलॉइड, मागचा हायपरबोलॉइड, म्हणजे दोन वेगवेगळ्या वक्र रेषा अक्षाभोवती फिरवून मिळणारे आकार. ही रचना हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये मांडली. एका नळीत फार थोडे किरण सापडतात, म्हणून एकात एक अशा अनेक नळ्या बसवतात. १९९९ च्या डिसेंबरमध्ये सुटलेल्या एक्सएमएम-न्यूटन या युरोपच्या क्ष-किरण उपग्रहाच्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी ५८ आहेत. सर्वांत मोठीचा व्यास ७० सेंटिमीटर, आणि भिंतीची जाडी अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास. २०२१ मध्ये सुटलेल्या नासाच्या आयएक्सपीई उपग्रहाच्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी २४.

इतक्या पातळ नळीच्या आत शिरून पॉलिश कोण करणार? म्हणून उलटं करतात. नळीच्या आतल्या आकाराचा भरीव साचा बनवायचा, त्याला मॅंड्रेल म्हणतात. तो बाहेरून गुळगुळीत करायचा, त्यावर सोन्याचा पातळ थर द्यायचा, वर विजेच्या साहाय्याने निकेल चढवायचं आणि शेवटी साच्यावरून ती निकेलची नळी सोडवून घ्यायची. बाहेरून केलेलं पॉलिश नळीला आतून मिळतं. शिवाय एका मॅंड्रेलवरून त्या मापाच्या अनेक नळ्या निघतात.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१५ साली सुटलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण. ती मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडली. तिच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवरचं सोनं असंच साच्यावरून उचललेलं आहे, फक्त तिथला साचा काचेच्या नळीचा होता.

ॲल्युमिनियम आधी शांत करा

साच्याचं अंग बहुधा ६०६१ ॲल्युमिनियमचं असतं. मशिनिंगला सोपं, वजनाला हलकं, आणि शेवटी नळी सोडवताना त्याचा एक गुण फार उपयोगी पडतो, तो पुढे येईल. ठोकळा घ्यायचा तर टी६५१ स्थितीचा घ्या. त्यात ताण आधीच बराच काढलेला असतो.

नेहमीच्या सीएनसीवर रफिंग करून सगळीकडे एक ते दीड मिलिमीटर ठेवा. मग ताण काढण्यासाठी जॉबला गरम-थंडाचे फेरे द्या: ओव्हनमध्ये १५०-१७० अंशांपर्यंत नेऊन काही तास ठेवायचं, हळू खोलीच्या तापमानाला आणायचं, मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत आणि नंतर द्रवात. असं तीनदा तरी करा. द्रव नायट्रोजन आपल्याकडे दुर्मिळ नाही, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव पोचतो. मात्र तो बंद खोलीत वापरू नका. त्याच्या वाफेने हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला कळायच्या आत भोवळ येते.

फेरे झाले की सेमी-फिनिश करा आणि जॉब पुन्हा मोजा. आधीच्या मापापासून तो हललेला दिसला तर आणखी फेरे द्या. ही पायरी गाळून पुढे गेलेला साचा महिन्याभराने स्वतःहून वाकतो आणि तोवर त्यावर सगळा खर्च झालेला असतो.

प्लेटिंगवाल्याशी बोलणं

नुसत्या ॲल्युमिनियमवरही हिरा छान चालतो, पण त्यात दुसऱ्या धातूंचे बारीक कण असतात. ते पृष्ठभागावर ओरखडे सोडतात, आणि पॉलिश करायला गेलं तर ॲल्युमिनियम मऊ पडतं. म्हणून त्यावर इलेक्ट्रोलेस निकेलचा, म्हणजे वीज न लावता रसायनाने चढणाऱ्या निकेलचा, थर घेतात आणि हिऱ्याचं खरं काम त्या थरात होतं.

अंबड-सातपुरात निकेल करणारी भरपूर दुकानं आहेत. बहुतेकांचं काम गंज टाळण्यासाठी किंवा चकाकीसाठी असतं. तुमची गरज वेगळी आहे, ती लेखी द्या.

पहिली गोष्ट फॉस्फरस. तो ११ ते १२ टक्के हवा, म्हणजे ज्याला प्लेटिंगवाले हाय-फॉस म्हणतात तो बाथ. एवढा फॉस्फरस असला की निकेलचे स्फटिक बनत नाहीत, थर आतून एकसारखा राहतो. टक्का घसरला की टूल भराभर झिजतं.

थर १०० मायक्रॉनच्या वर मागा. हाय-फॉस बाथमध्ये तासाला साधारण १० मायक्रॉन चढतात, म्हणजे जॉब दहा-बारा तास आत राहणार. बाथ ताजा आणि सतत फिल्टर होणारा हवा. जुन्या बाथमध्ये बारीक खड्डे आणि फोडी येतात, आणि त्या दिसतात तेव्हा तुम्ही फिनिश कटवर असता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हार्डनिंग नको म्हणून ठळक लिहा. इलेक्ट्रोलेस निकेल ४०० अंशांवर तासभर भाजून कडक करायची या धंद्यात पद्धत आहे आणि सवयीने कुणीही ती करून टाकतं. त्या उष्णतेत निकेल फॉस्फाइडचे कठीण स्फटिक तयार होतात. मग ना हिरा टिकतो, ना ॲल्युमिनियमचा टेंपर. थर घट्ट बसावा म्हणून २०० अंशांच्या आतलं भाजणं पुरे.

जॉबसोबत त्याच ॲल्युमिनियमच्या दोन-तीन चकत्या त्याच बाथमध्ये टाकायला सांगा. पुढे टूल सेट करायला, कट तपासायला, पॉलिश शिकायला त्याच कामी येतात.

खोली, हवा, वीज

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांजवळ येतो आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चटका देतं. नाशिकचं हवामान द्राक्षांना मानवतं, या कामाला नाही.

हिशेब करून बघा. ॲल्युमिनियमचा १५० मिलिमीटर व्यासाचा साचा १ अंशाने तापला तर व्यासात साडेतीन मायक्रॉन वाढतो. आपल्याला मायक्रॉनचा दहावा भाग सांभाळायचा आहे. म्हणजे खोली २० अंशांवर, आणि कटच्या काळात अंशाच्या दहाव्या भागाएवढीच इकडे-तिकडे. एसी लावला म्हणजे झालं असं नाही, एसीचा झोत मशिनवर पडला तर उलट नुकसान. जॉब, टूल, कूलंट सगळं आदल्या संध्याकाळी खोलीत आणून ठेवा. कट चालू असताना आत माणूस नको, कारण माणसाच्या अंगाचीही उष्णता असते.

मशिनबद्दल थोडक्यात. डायमंड टर्निंग लेथचा स्पिंडल हवेच्या थरावर फिरतो, स्लाइड तेलाच्या पातळ थरावर सरकतात, बैठक ग्रॅनाइटची. धातू धातूला कुठे टेकतच नाही. त्यामुळे एक नियम पाठ करून घ्या: हवा आधी, स्पिंडल नंतर, बंद करताना स्पिंडल आधी, हवा सगळ्यात शेवटी. फिरत्या स्पिंडलची हवा गेली तर बेअरिंग एका क्षणात संपतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते हे गृहीत धरून हवेची राखीव टाकी, प्रेशर पडताच स्पिंडल थांबवणारा इंटरलॉक आणि यूपीएस लागतातच. जुलै-ऑगस्टमध्ये कंप्रेसरच्या हवेत पाणी येतं, म्हणून ड्रायर आणि फिल्टर रोज बघा.

शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस असेल तर तिचे ठोके जमिनीतून येतात. मशिनखाली एअर माउंट असतातच, तरी शेवटचा कट प्रेस बंद असेल तेव्हा, म्हणजे रात्री किंवा सुटीच्या दिवशी घेतलेला बरा. मी तर शेजाऱ्याला आधी सांगून वेळ ठरवावी असंच म्हणेन.

पकड

तीन जबड्यांच्या चकची सवय इथे सोडा. चकमध्ये गोल कापलेला जॉब सोडल्यावर तीन ठिकाणी फुगतो आणि डायलवर ते आधी दिसत नाही, कारण आवळलेल्या अवस्थेत तो खरंच गोल असतो.

साच्याच्या डिझाइनमध्येच पकडीची जागा वेगळी ठेवा. बुडाला तीन छोटे सपाट पॅड, त्यांच्या आणि कामाच्या पृष्ठभागाच्या मध्ये एक खोल खाच, म्हणजे बोल्टचा ताण खाचेतच विरतो. पॅड एकाच प्रतलात लॅप केलेले हवेत. बोल्ट टॉर्क रेंचने आणि दर वेळी त्याच टॉर्कला आवळा. मोजताना, पॉलिश करताना, पुन्हा मशिनवर चढवताना तोच आकडा. सरावाच्या चकत्यांना व्हॅक्यूम चक पुरतो.

बसवल्यावर बॅलन्सिंग करा. हवेचा स्पिंडल मऊ असतो, थोडंसं असंतुलनही पृष्ठभागावर उमटतं.

आता हिरा

टूलच्या टोकाला एकाच स्फटिकाचा हिरा असतो. साच्यासाठी १ मिलिमीटर नोज रेडियस, शून्य रेक असं टूल सुरुवातीला ठीक. धार २०० पट मोठी करून मायक्रोस्कोपखाली बघा. एखादी टवकी दिसली तर ते टूल फिनिशला नको. धारेला डायल, स्लिप गेज, कापूस, बोट, काहीही लावू नका. हिरा कठीण असला तरी ठिसूळ आहे.

लोखंड आणि पोलाद या टूलने कापायचं नाही. हिरा म्हणजे कार्बन, आणि कापताना तापलेलं लोखंड तो ओढून घेतं; बघता बघता धार गोल होते. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, हाय-फॉस निकेल हे त्याचे धातू.

कटचं गणित सोपं आहे. फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट, म्हणजे दोन रेघांमधल्या उंचवट्याची उंची. १ मिलिमीटर रेडियस आणि फेऱ्याला ५ मायक्रॉन फीड धरला तर उत्तर येतं साधारण ३ नॅनोमीटर. प्रत्यक्षात कंप, धातू आणि धारेचे दोष मिळून थोडं जास्त येतं, पण सुरुवात या आकड्यापासून करा.

आता लांबीचा हिशेब. १५० मिलिमीटर व्यासाचा, ३०० मिलिमीटर लांब मॅंड्रेल घेतला तर ५ मायक्रॉन फीडला ६०,००० फेरे. मिनिटाला ५०० फेऱ्यांनी दोन तास. तेवढ्यात हिऱ्याची धार निकेलमधून सुमारे २८ किलोमीटर कापत गेलेली असते, म्हणजे नाशिकहून जवळपास सिन्नर. आणि हे सगळं एकाच धारेने, मध्ये न थांबता. फॉस्फरसचा टक्का आणि खोलीचं तापमान यांवर एवढा जोर का दिला, ते या आकड्यांत आहे.

टूलची उंची आणि मध्य प्लेटिंगच्या चकतीवर लावा. सपाट फेस घ्या आणि मधोमध काय उरलं ते मायक्रोस्कोपखाली बघा. टूल केंद्राच्या खाली असेल तर सरळ कडांची खुंटी उरते, वर असेल तर शंकूसारखा उंचवटा. तो दिसेनासा होईपर्यंत उंची बदलत जा. त्यानंतर त्याच टूलने एक छोटा गोलाकार भाग कापून मोजा; रेडियस आणि मध्य यांतली उरलेली चूक त्यात पकडता येते आणि प्रोग्रॅममध्ये भरता येते.

कट घेताना आधी १० मायक्रॉनच्या खोलीने थर सगळीकडे सारखा करा. मग ५. शेवटचा कट २ मायक्रॉनचा. कूलंट म्हणून हलक्या मिनरल तेलाचा बारीक फवारा, आणि चिप ओढून घ्यायला सक्शन अगदी टूलजवळ. चिप सलग निघते आणि तीच पुन्हा जॉबवर गुंडाळली तर पूर्ण लांबीभर ओरखडा. म्हणून सुरुवातीच्या मिनिटांत कॅमेऱ्यातून सक्शनकडे लक्ष ठेवा. टूल जॉबला टेकलेलं असताना स्पिंडल कधीही थांबवू नका.

डोळ्याने वाचा, मग यंत्राने

जॉब उतरवायच्या आधी एका बारीक दिव्याचा प्रकाश तिरपा पाडून बघा. चांगल्या कटवर दिव्याचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं आणि त्याच्या बाजूला फिकट इंद्रधनुषी पट्टा उमटतो. हे रंग फीडच्या समान अंतरावरच्या रेघांमुळे येतात. कट नियमित आहे याची ती खूण. पट्टा जागोजागी तुटलेला असेल तर फीडमध्ये किंवा खोलीच्या तापमानात काही हललं आहे. रंगांऐवजी धुरकटपणा असेल तर धार गेली. रुंद, ठराविक अंतरावरच्या लाटा दिसल्या तर कंप शोधा: बॅलन्स, कंप्रेसर, शेजारची प्रेस. तुरळक, दिशाहीन ओरखडे म्हणजे चिप.

मग मोजणी. लांबीच्या दिशेने आकार स्टायलस प्रोफाइलोमीटरवर, खडबडीतपणा व्हाइट-लाइट इंटरफेरोमीटरवर, म्हणजे न टेकता प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर. आलेली चूक प्रोग्रॅममध्ये उलट चिन्हाने भरून एक दुरुस्तीचा कट घ्या. तीन-चार कट घेऊनही चूक जागा बदलत राहत असेल तर प्रोग्रॅमला हात लावू नका, तापमान आणि पकड तपासा. प्रोग्रॅमने फक्त तीच चूक सुधारते जी दर वेळी त्याच जागी येते.

पॉलिश आणि नळी सोडवणं

हिऱ्याने मिळालेला ३-४ नॅनोमीटरचा पृष्ठभाग इन्फ्रारेडला चालून जातो. क्ष-किरणांना तो खडबडीत वाटतो. त्यांना अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत हवं असतं. म्हणून टर्निंगच्या रेघा पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या, लॅपने, आधी बारीक ॲल्युमिना आणि शेवटी कोलॉयडल सिलिका घेऊन उतरवतात. इथे घाई केली तर रेघा जातात पण आकारही जातो. थोडं पॉलिश, मोजणी, पुन्हा थोडं, असंच चालतं. म्हणून टर्निंग जितकं चांगलं, तितकं पॉलिश कमी लागतं आणि तितका आकार टिकतो.

सोनं निर्वात कक्षात चढतं आणि त्यावरचं निकेल चढतं ते सल्फामेटच्या बाथमध्ये. त्या निकेलमध्ये अंतर्गत ताण शून्याजवळ हवा, नाहीतर सोडवलेली नळी आकार बदलते. हे काम प्लेटिंगच्या जाणकाराचं आहे, टर्नरने फक्त समजून घ्यावं.

सोडवण्याची पद्धत मात्र प्रत्येकाने पाहण्यासारखी. सगळं थंड करतात. ॲल्युमिनियम निकेलपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. १५० मिलिमीटर व्यासावर ३० अंश उतरले की दोघांत पन्नासेक मायक्रॉनची फट पडते. सोनं साच्याच्या निकेलला घट्ट धरत नाही, ते नळीसोबत निघतं. साचा एका टोकाला किंचित निमुळता असल्याने नळी सरळ ओढली की सुटते. अंग ॲल्युमिनियमचं का घ्यायचं, याचं हे दुसरं उत्तर.

शिकायला सुरुवात कुठून

टूलरूमचा पाया छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये पक्का करता येतो. अतिसूक्ष्म मशिनिंगसाठी बंगळुरूची सीएमटीआय आणि चंदिगडची सीएसआयओ या दोन सरकारी संस्थांकडे बघा.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी पितळेच्या चकतीवर सपाट फेस. नाशिकच्या भांडी बाजाराला पितळ काही नवं नाही, पण भंगारातलं मिश्र पितळ घेऊ नका, ठरलेल्या ग्रेडचा रॉड घ्या. मग ६०६१ वर फेस, मग फुगीर गोलाकार, मग निकेलच्या चकतीवर तेच. लांब मॅंड्रेल यानंतर. प्रत्येक कटची नोंद वहीत: टूल नंबर, धार आतापर्यंत किती किलोमीटर चालली, फीड, फेरे, सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान, बाहेर पाऊस होता का, बोल्टचा टॉर्क, बाथची तारीख. धुरकट पट्टा पुन्हा दिसला की ही पानं उलटून बघा; टूल किती किलोमीटरला धार सोडतं, ते तुमच्या मशिनचं आणि तुमच्या प्लेटिंगवाल्याचं उत्तर त्यातूनच मिळतं.

नळी काढून झाली की साचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या लेन्स टिश्यूने एकाच दिशेने पुसा, प्रत्येक पुसण्याला नवा टिश्यू. पुढच्या नळीआधी पृष्ठभाग पुन्हा मोजा. ओरखडा असेल तर हलकं पॉलिश. तेही पुरलं नाही तर निकेलच्या उरलेल्या थरातून आणखी एक पातळ हिऱ्याचा कट घ्यावा लागतो. त्याने साच्याचा व्यास घटतो, म्हणून त्या दुर्बिणीच्या नळीला तेवढी सूट आहे का हे डिझाइनरला विचारूनच मशिन सुरू करा.